उंबऱ्यावरची ओल

कुत्रं पाळणारी माणसं त्याच्याबद्दल तासन् तास बोलू शकतात. ते काय खातं, कुणाच्या पांघरुणात घुसतं, कुणाची नवी चप्पल फाडली, सगळं रंगवून सांगतात. एक गोष्ट मात्र चारचौघांत काढत नाहीत. दाराची बेल वाजते, पाहुणा आत येतो, कुत्रं शेपूट हलवत त्याच्याकडे जातं आणि तिथंच, त्याच्या पायाशी, शू करून बसतं. पुढची धांदल ठरलेली. एकजण कुत्र्याचा पट्टा मागे खेचतो, दुसरा फडकं आणायला धावतो, पाहुणा "असू द्या हो, असू द्या" म्हणत ओला झालेला मोजा दिसू नये म्हणून पाय मागे घेतो, आणि घरातलं कुणीतरी खजील होऊन म्हणतं, "खरं तर हा घरात कधी करत नाही."

लाज झाकायला म्हटलेलं असलं तरी हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. हेच कुत्रं रात्री दहाला खाली जाऊन आलं की सकाळी सहापर्यंत आवरून धरतं. सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी त्याची जागा ठरलेली असते, पाऊस असला तरी ते तिथंच जातं. चूक करतं ते फक्त दारात, आणि तेही काही ठरावीक माणसांपुढे. काकू आल्या तर काही नाही, काका आले की फरशी ओली. म्हणजे शू कुठं करायची हे त्याला शिकवलेलं नाही, असं म्हणता येत नाही. ते शिकलेलं आहे. दारात जे घडतं त्याचा त्या शिकवणीशी संबंध नाही, आणि हे लक्षात न आल्यामुळे कित्येक घरांत चुकीच्या जागी उपाय चालू राहतात. हे पुस्तक त्या चुकीच्या जागेवरून वाचकाला उठवून योग्य जागी बसवण्यासाठी आहे.

पहिली अडचण अशी की दोन निरनिराळ्या गोष्टींचा शेवट सारख्याच ओल्या फरशीत होतो. चार-पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू घरचं माणूस दिसताच नाचायला लागतं. अंग सैल, कंबरेपासून मागचा सगळा भाग डावी-उजवीकडे हलतोय, पंजे एका जागी टेकत नाहीत, आणि या नाचातच थेंब गळत असतात. थेंब गळताहेत याचा त्याला पत्ताही नसतो. ही आनंदाची, उत्तेजनाची शू. मूत्राशयाचं तोंड आवळून धरणारा स्नायू ताब्यात यायला वेळ लागतो, आणि एवढ्या आनंदात तो ताबा सुटतो. अशी पिल्लं साधारण वर्षाची होईपर्यंत बहुतेक आपोआप सुधारतात. त्यांच्याबद्दल फार काळजी करायचं कारण नाही. भेटीचा गाजावाजा कमी करावा, खेळ आणि स्वागत शक्यतो घराबाहेर उरकावं, भेटीआधी पिल्लाला खाली फिरवून आणावं आणि वाट पाहावी. पाणी तोडू नये. पाणी कमी पाजलं की शू कमी होईल हा हिशेब काही घरांत केला जातो, तो निव्वळ क्रूर आहे.

दुसऱ्या प्रकाराकडे मात्र बारकाईने पाहायला हवं. रस्त्यावरून आणलेली दीड वर्षाची गावठी कुत्री घ्या. दार उघडतं. ती येते, पण सरळ रेषेत येत नाही, थोडं वळसा घालून येते. मान खांद्यांच्या खाली गेलेली असते. कान मागे इतके चपटे होतात की डोकं गोल दिसायला लागतं. शेपूट हलत असते, पण खाली दबलेली, नुसतं टोक भरभर हलतंय. नजर पाहुण्याच्या चेहऱ्यावर ठरत नाही, बाजूला सरकते आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. जीभ पटकन बाहेर येऊन नाकावरून फिरते. पाहुणा एक पाऊल पुढे टाकतो, वाकतो, तिच्या डोक्यावर हात नेतो. तिचे पुढचे कोपर वाकतात, मागचा भाग जमिनीला टेकतो, एक मागचा पाय उचलला जातो, ती कुशीवर आणि मग पाठीवर वळते, पोट वर. आणि मग शू. हे सगळं तीन-चार सेकंदांत संपतं. घरच्यांना दिसतं ते फक्त शेवटचं, कारण फरशीवर तेवढंच उरतं. काही कुत्री या वेळी ओठ मागे ताणून पुढचे दात दाखवतात. ते पाहून माणसं ओरडतात की दात विचकतेय, चावेल. चावायला निघालेला कुत्रा ताठ उभा राहतो आणि समोर रोखून बघतो. ही तर जमिनीत शिरायला जागा मिळाली तर शिरेल.

काही कुत्र्यांत दोन्ही एकत्र सापडतं, उड्याही आणि दबलेपणही. तेव्हा अंगाकडे बघून ठरवायचं. सैल अंग आनंदाचं, आखडलेलं आणि लहान झालेलं अंग भीतीचं. पुढचं बहुतेक लेखन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

ही शू येते कुठून, हे पिल्लाच्या पहिल्या तीन आठवड्यांत बघायला मिळतं. कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे आणि कान बंद असतात, आणि त्याला स्वतःहून शू करताही येत नाही. आई त्याला नाकाने पाठीवर उलटं करते आणि पोट व शेपटाखालची जागा चाटते. त्या चाटण्यानेच मूत्राशय मोकळं होतं, आणि आई ते सगळं चाटून टाकते, म्हणून पिल्लांची जागा कोरडी राहते. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लू आपलं आपण करायला लागतं. म्हणजे आपल्यापेक्षा मोठ्या जिवापुढे पाठीवर पडून पाय उचलणं आणि शू सोडणं ही त्याची आयुष्यातली सगळ्यात पहिली रीत असते. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले होते. त्यांनी 1967 साली लांडगा आणि कुत्रा यांच्या नमतं घेण्यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी नमतं घेण्याचे दोन प्रकार सांगितले. एक धावत जाऊन मोठ्याचं तोंड चाटण्याचा, तो पिल्लाच्या अन्न मागण्यातून आलेला. दुसरा पाठीवर पडून पोट दाखवण्याचा, तो आईच्या त्या चाटण्यातून आलेला. मोठं झालेलं जनावर बालपणाची ही रीत दुसऱ्याला शांत करण्यासाठी वापरतं. मी लहान आहे, माझ्याकडून काही धोका नाही, असा त्याचा अर्थ.

शेंकेलच्या कितीतरी आधी, 1872 मध्ये, चार्ल्स डार्विननी माणूस आणि जनावरांच्या भावदर्शनावर पुस्तक लिहिलं. मालकावरच्या कुत्र्याच्या प्रेमात नमतं घेण्याची भावना मिसळलेली असते आणि ती भीतीच्या जवळची असते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या पुस्तकात कुत्र्याची दोन प्रकारची चित्रं मुद्दाम आमनेसामने येतात. एकात शत्रूवर चालून जाणारा ताठ कुत्रा, दुसऱ्यात मालकापुढे लवलेला, वळवळणारा. एकातली प्रत्येक रेषा दुसऱ्यात उलटी झालेली. ज्याला ही चित्रं मिळतील त्याने जरूर पाहावीत. आपल्या दारातली कुत्री यातल्या कोणत्या चित्रासारखी दिसते हे एकदा कळलं की तिच्यावर हात उगारणं अवघड होतं.

आणि घरात हात उगारला जातो, निदान आवाज तरी. ती विनवणी करते, रागावू नका, आणि आपण उत्तर म्हणून रागावतो. तिच्याकडे दुसरी भाषा नाही, म्हणून ती तीच विनवणी आणखी मोठ्याने करते. आणखी खाली वाकते, आणखी शू होते. पुढच्या वेळी तर दाराची बेल वाजली तरी ती आखडते, कारण बेल, पाहुणा आणि ओरडा या तीन गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र बांधल्या गेलेल्या असतात. शूमध्ये नाक घासण्याची पद्धत आपल्याकडे अजून चालते, शिकलेल्या घरांतही. तिचा उपयोग शून्य आहे आणि या प्रकारच्या कुत्रीवर तिचा परिणाम सरळ उलटा होतो.

इथं एक आक्षेप नेहमी येतो: "त्याला कळतं हो, चूक केल्यावर बघा कसा तोंड पाडून बसतो." न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी या तोंड पाडण्याचीच परीक्षा घेतली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 14 कुत्री होती. मालकाने खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितलं जाई, पण कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाऊ खाल्लेला असो वा नसो, त्याने फरक पडला नाही. म्हणजे आपण ज्याला कबुलीजबाब समजतो तो आपल्याच कपाळावरच्या आठीला दिलेला प्रतिसाद असतो.

दुसरा आक्षेप जरा जुना, पण अजून बळकट. घरात साहेब कोण हे कुत्र्याला दाखवून द्यावं लागतं, लांडग्यांच्या कळपात असाच एक म्होरक्या असतो, वगैरे. ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांच्या 1970 च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या एल. डेव्हिड मेक यांनीच पुढे एल्झमिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथं म्होरकेपण मारामारीने जिंकावं लागत नाही, आई-बापांकडे ते असतंच. आपल्या विषयापुरतं बोलायचं तर हा वाद इथं मुळात लागूच पडत नाही. दारात शू करणाऱ्या कुत्रीला साहेब कोण याबद्दल तिळमात्र शंका नसते. तिला तुम्ही जितके मोठे वाटता, त्यापेक्षा जरा कमी वाटायला हवे आहात.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं की आपण नुसतं खाली वाकतो. दगड हातात असायची गरज नसते. वाकलं की कुत्रं पळतं, हे खेड्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. आता हेच कुत्रं कुणीतरी मायेने घरी आणतं. पाहुणा येतो आणि कौतुकाने त्याच्यापुढे वाकतो. पाहुण्याच्या मनात माया असते, कुत्र्याच्या आठवणीत दगड. पळायला जागा नाही, मागे भिंत, पुढे माणूस, गळ्यात पट्टा. मग ते काय करणार?

म्हणून मला कुत्र्यांना घाबरणाऱ्या पाहुण्यांची कधी चिंता वाटत नाही. ते भिंतीला चिकटून बसतात, कुत्र्याकडे पाहत नाहीत, हात खिशात ठेवतात, हळू बोलतात. त्यांच्याइतकं बरोबर कुणीच वागत नाही आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. गडबड करतात ते कुत्र्यांवर जीव टाकणारे. "मला कुत्री फार आवडतात, मला काही करत नाहीत" असं म्हणत ते चपला काढायच्या आधीच त्याच्यावर झेपावतात, समोरून, डोळ्यांत डोळे घालून, दोन्ही हात पुढे करून, लाडाच्या चढ्या आवाजात. त्यातून भारदस्त आवाजाचा उंच पुरुष असला, हेल्मेट किंवा पावसाळी रेनकोट असला, हातात काठी किंवा भलीमोठी पिशवी असली, तर संपलंच. लहान मुलं धावत येऊन मिठी मारतात तेही याच जातीचं.

आता प्रश्न असा की आत्याला सांगायचं कसं? मराठी घरात आलेल्या माणसाला "आमच्या कुत्र्याकडे बघू नका" असं म्हणणं म्हणजे चहा न विचारता बसवून ठेवण्यासारखं वाटतं. या एका संकोचापायी निम्मे उपाय बारगळतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी फोनवर सांगून ठेवावं, दारात सांगू नये. दारात सांगितलं तर पाहुणा गोंधळतो, आणि "अहो, काही नाही होत" म्हणत जे करायचं तेच करतो. फोनवर त्याला कारण सांगता येतं, आणि कामही देता येतं. काम दिलं की माणसं ऐकतात. काम साधं आहे. आत येऊन सरळ बसा. कुत्र्याकडे पाठ किंवा बाजू असू द्या. ती जवळ आली, वास घेतला, तरी हात हलवू नका. तिने स्वतःहून दुसऱ्यांदा यायचं ठरवलं की हात खालून, हनुवटीशी किंवा छातीशी न्या, डोक्यावरून कधीच नाही. आम्ही दिलेले खाऊचे चार दाणे जमिनीवर टाका, हातातून भरवू नका. दाणे जमिनीवर असले की तिची मान खाली असली तरी ती वास घेण्यासाठी असते, आणि तेवढा वेळ माणसाचा चेहरा तिच्या समोर नसतो.

घरच्यांचं कामही फार वेगळं नाही, फक्त ते रोजचं आहे. कामावरून आल्यावर पहिली पाच मिनिटं कुत्रीकडे लक्ष द्यायचं नाही. हे निष्ठुरपणाचं वाटतं, आणि घरातल्या कुणाला तरी ते जमतच नाही, बहुधा आजोबांना. शू झालीच तर एक शब्द न बोलता, कपाळावर आठी न आणता, कुत्रीला दुसऱ्या खोलीत जाऊ देऊन मग पुसायचं. फडकं आपटत, पुटपुटत पुसणं हाही ओरडाच. नुसत्या फिनेलने वास माणसाच्या नाकापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाही, शिवाय ओल्या फरशीवरचं फिनेल तिच्या पंजांना लागून चाटण्यात जातं. मूत्र पचवून टाकणाऱ्या विकरांचे द्रव आता पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतात, ते वापरावेत. अमोनियाचा वास असलेली साफसफाईची द्रव्यं टाळावीत, तो वास मूत्राच्याच जवळचा आहे.

पिल्लू आणायचं असेल तर बरंचसं आधीच टाळता येतं. 1961 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा एक प्रयोग आला होता. कुंपण घातलेल्या मैदानात माणसाचा संबंध न येऊ देता काही पिल्लं वाढवली. काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात माणसांत एक आठवडा ठेवलं, काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत अजिबात नाही. ही शेवटची पिल्लं माणसापासून रानटी जनावरांसारखी बिचकत राहिली. स्कॉट आणि फुलर यांच्या 1965 च्या ग्रंथानेही तिसरा ते बारावा आठवडा हाच माणसांशी ओळख होण्याचा काळ ठरवला. आपल्याकडे या काळाची दोन्ही टोकांनी नासाडी होते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, तरी पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेली पिल्लं खोक्यात घालून विकली जातात. आणि मग लसीकरण पूर्ण होईपर्यंत ती चार भिंतींत चार माणसांखेरीज कुणालाच बघत नाहीत. कडेवर घेऊन गॅलरीतून, जिन्यात, गाडीत बसवून बाहेरचं जग दाखवता येतं. जमिनीवर ठेवायचं नाही एवढंच पथ्य.

एक इशारा इथंच देऊन ठेवतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे वाचकही असतात. प्रत्येक गळती मनाची नसते. कुत्रं झोपेत गळत असेल, उठल्यावर अंथरूण ओलं दिसत असेल, वारंवार थोडी थोडी शू करत असेल, कुंथत असेल, शूमध्ये रक्त असेल, किंवा पाणी अचानक खूप प्यायला लागलं असेल, तर त्याचा पाहुण्यांशी काही संबंध नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, नसबंदीनंतर काही माद्यांत येणारा मूत्रनलिकेचा सैलपणा, पिल्लात जन्मतः चुकीच्या जागी उघडणारी मूत्रवाहिनी, अशी कारणं असू शकतात. पाय उचलून कोपऱ्यात, सोफ्याच्या पायावर थोडीशी शिंपडणारा नर हाही वेगळाच विषय आहे, तो हद्दीची खूण करत असतो. पशुवैद्याकडे जाताना तक्रार तोंडी सांगण्याऐवजी मोबाईलवर भेटीच्या वेळचं चित्रण करून न्यावं. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं दारातल्यासारखं वागत नाही.

पुस्तकाची मांडणी वाचकाच्या सोयीने केली आहे. पहिली दोन प्रकरणं कुत्र्याच्या अंगाची भाषा शिकवतात आणि ती चित्रांसह आहेत. तिसरं आजारांविषयी, चौथं पाहुण्यांविषयी. पाचव्यात दारातल्या सरावाचा आठवड्यागणिक क्रम दिला आहे. शेवटच्या प्रकरणात अशा कुत्र्यांचा विचार आहे जी खूप सुधारतात पण पूर्ण थांबत नाहीत. रस्त्यावर मार खाल्लेल्यांत अशी काही असतात, आणि त्यांच्यासाठी पाहुण्यांची पहिली भेट इमारतीच्या खाली, मोकळ्यावर घडवणं हा कायमचा रिवाज करून टाकावा लागतो. ज्यांच्याकडे आज संध्याकाळीच माणसं जेवायला येणार आहेत त्यांनी चौथं प्रकरण आधी वाचावं, आणि फोन लगेच करावा.